पुरुषांची केशबंधने : खानदेश

डोक्यावरील लांब राखलेले केस विंचरून, पिळून, गुंफून किंवा गाठ मारून काही मुदतीपर्यंत एकाच स्थितीत राखण्याच्या पुरुषांतील पद्धती. शेंडीची गाठ, वेणी, बुचडा व जटा हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. खानदेशात, म्हणजे स्थूलमानाने आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार (१९९८ पासून स्वतंत्र) या जिल्ह्यांच्या प्रदेशात, हे प्रकार वेगवेगळ्या समाजांत व वेगवेगळ्या निमित्तांनी रूढ होते. त्यांपैकी काही अद्यापही अवशिष्ट आहेत. केशबंध किती काळ टिकतो, हे केवळ केसांवर अवलंबून नसते. डोक्यावरील वस्त्र, तेल व पाणी यांची उपलब्धता, न्हाव्याची सेवा आणि केस राखण्यामागील व्रत वा नवस यांवरही ते अवलंबून असते. ज्या केशबंधाची सोडण्याची वेळ आधीच ठरलेली असते, तो सहसा निर्धोक राहतो. ज्याला अशी मुदत नसते, त्याची परिणती बहुधा जटेत होते, असे या प्रदेशातील रूढींच्या इतिहासावरून दिसून येते.

केसांचे स्वरूप व बंधाचा टिकाऊपणा : केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असून त्याच्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांप्रमाणे एकमेकांवर रचलेल्या सूक्ष्म पापुद्र्यांचे आवरण असते. डोक्यावरील केस महिन्यास सु. १ सेंमी. वाढतो आणि निरोगी माणसाचेही दररोज सु. ५० ते १०० केस गळतात. मोकळ्या केसांतून हे गळालेले केस विंचरताना निघून जातात. बांधलेल्या केसांत मात्र ते अडकून राहतात. शिवाय बंधाच्या मुळाशी नवीन केस वाढत असल्याने बंध हळूहळू डोक्याच्या कातडीपासून दूर सरकतो व सैल होतो. या दोन क्रिया कोणत्याही उपायाने थांबविता येत नाहीत. त्यामुळे केशबंधाला स्वाभाविकच एक आयुर्मर्यादा असते.

केसाच्या आकारावरही बंधाची पकड ठरते. आफ्रिकेतील अनेक लोकांचे केस दाट कुरळे असून त्यांचा छेद चपटा, लंबवर्तुळाकार असतो. असे केस एकमेकांत गुंतून राहतात. त्यामुळे डोक्याच्या कातडीला लागून, शेतातील सऱ्यांप्रमाणे समांतर ओळींत घातलेल्या बारीक वेण्या (कॉर्नरो) दोरा वा चिकट पदार्थ न वापरताही दोन ते सहा आठवडे टिकू शकतात. खानदेशातील बहुसंख्य लोकांचे केस सरळ वा लहरदार असून त्यांचा छेद गोलसर असतो. असे केस एकमेकांवरून घसरतात व त्यांची वेणी थोड्याच दिवसांत सुटू लागते. म्हणूनच या प्रदेशात पुरुषांच्या केशबंधाची भिस्त वेणीच्या गुंफणीपेक्षा गाठ, दोरा, तेल आणि डोक्यावरचे पागोटे वा रुमाल यांवर राहिली. तापीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते. उन्हात शेतावर राबणाऱ्या माणसाच्या केसांना घाम व धूळ यांपासून जपणारे वस्त्र हेच केशबंधाचेही मुख्य संरक्षण ठरले.

प्राचीन काळ : भारतात पुरुषांनी केस गुंफण्याची चाल वेदकालाइतकी जुनी आहे. ऋग्वेदात वसिष्ठकुलातील पुरुषांचे वर्णन उजव्या बाजूस कपर्द धारण करणारे असे केलेले आहे. कपर्द म्हणजे कवडीच्या आकाराने वळविलेली केसांची वेणी वा गुंडाळी. रुद्र व पूषन् या देवतांनाही कपर्दिन् हे विशेषण लावलेले आढळते. पुढील काळात गृह्यसूत्रांनी बालकाच्या चूडाकर्माचा म्हणजे चौलाचा विधी सांगितला. मनुस्मृतीनुसार तो पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी करावयाचा असतो. शिखा किती व कोठे राखावी याविषयी कुलपरत्वे भेद होते. वसिष्ठांची शिखा उजवीकडे, अत्री व कश्यप यांची दोन्ही बाजूंस, अंगिरसांच्या पाच शिखा आणि भृगूंचे संपूर्ण मुंडन, अशी परंपरा नमूद आहे. यावरून केशबंध हा सौंदर्यप्रसाधनाचा भाग असण्याबरोबरच कुळाची ओळखही होता, हे स्पष्ट होते.

केस बांधणे व मोकळे सोडणे यांना प्रतिज्ञेचे स्वरूपही होते. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस या नाटकात नंदांच्या नाशाची प्रतिज्ञा करताना चाणक्याने मोकळी सोडलेली शिखा कार्यसिद्धीनंतरच बांधली जाते. मुदत ठरवून केस एका विशिष्ट स्थितीत राखण्याची ही कल्पना पुढे लोकधर्मातील नवसाच्या केसांत टिकून राहिली.

खानदेशच्या दक्षिण सीमेलगत, जळगावपासून सु. ६० किमी. अंतरावरील अजिंठ्याच्या लेण्यांतील (जि. छत्रपती संभाजीनगर) पाचव्या शतकातील वाकाटककालीन चित्रे पुरुषांच्या केशरचनेचे महत्त्वाचे साधन आहेत. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या खांद्यांवर रुळणाऱ्या बटा आणि त्या आवरून धरणारा मुकुट यांतून केस बांधण्यापेक्षा शिरोभूषणाने त्यांचे नियमन करण्याची पद्धत दिसते. राजपुरुषांच्या बाबतीत मुकुटाने जे कार्य केले, तेच सामान्य कुणब्याच्या बाबतीत पुढे पागोट्याने केले.

शेंडी, घेरा व न्हावी : मराठेशाहीच्या काळी व त्यानंतरही बहुसंख्य हिंदू पुरुष डोके भादरून माथ्याच्या मागील भागी शेंडी राखीत. शेंडीभोवती केसांचे वर्तुळ राखण्याची रीत असे व त्यास घेरा किंवा संजाब म्हणत. कानांलगतच्या केसांस कल्ले म्हणत. शेंडी स्नानानंतर विंचरून तिला गाठ मारावयाची व प्रेतकार्यात ती मोकळी सोडावयाची, असा संकेत होता. रोज सुटणारी व रोज बांधली जाणारी ही गाठ असल्याने शेंडीत गुंता साठून राहत नसे. ‘शेंडी तुटो की पारंबी तुटो’ ही म्हण काहीही झाले तरी माघार न घेण्याच्या निर्धाराची द्योतक आहे, तर ‘शेंडी लावणे’ हा वाक्प्रचार फसविणे या अर्थाने रूढ झाला.

घेऱ्याची मर्यादा वस्तऱ्याने वरचेवर साफ करावी लागे. त्यामुळे हे केशबंध टिकविण्याचे काम प्रत्यक्षात गावच्या न्हाव्याकडे असे. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. वस्तरा, कात्री, नराणी, आरसा, फणी व पाण्याची वाटी ठेवलेली धोकटी घेऊन तो घरोघर जाई आणि आठपंधरा दिवसांच्या अंतराने कुटुंबातील पुरुषांची हजामत करी. मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने, बलुते म्हणून मिळे. अमावास्या, एकादशी व काही वार हजामतीस वर्ज्य मानीत. म्हणजे पुरुषांच्या केसांची निगा ही व्यक्तीच्या इच्छेपेक्षा गावगाड्याच्या वेळापत्रकानुसार चाले.

या व्यवस्थेतून काही समाजघटक मात्र वगळले गेले होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची हजामत गावचा न्हावी करीत नसे. ती त्यांना आपापसांतच करावी लागे. केस राखणे वा काढणे यांतून प्रतिष्ठा जशी दिली जाई, तशीच ती हिरावूनही घेतली जाई. विधवांचे सक्तीचे केशवपन हे याचे सर्वांत क्रूर उदाहरण होय. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतील न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालविण्याचा निर्धार केला. ज्या हातांवर ही रूढी चालत होती, त्या हातांनीच तिला नकार दिला, हे या घटनेचे सामाजिक महत्त्व होय.

जावळ व नवसाचे केस : मुदत ठरवून केस राखण्याची खानदेशात आजही आढळणारी रूढी म्हणजे जावळ (जाऊळ) व शेंडी होय. बालकाचे जन्मापासूनचे केस न कापता राखतात आणि पहिल्या, तिसऱ्या किंवा पाचव्या वर्षी कुलदेवतेच्या स्थानी नेऊन उतरवितात. बालकास मामाच्या मांडीवर बसवून न्हावी केस काढतो व ते देवतेस किंवा नदीस अर्पण करतात. धुळे येथील पांझरा नदीकाठचे एकवीरा देवीचे मंदिर आणि नासिक जिल्ह्यातील वणीची सप्तशृंगी ही अनेक खानदेशी कुळांची श्रद्धास्थाने होत. चैत्रातील व नवरात्रातील यात्रांच्या वेळी जावळ-शेंडी काढण्यासाठी तेथे कुटुंबांची गर्दी होते.

नवस बोललेला असल्यास मुलाचे केस अधिक काळ राखले जातात. अशा वेळी मुलाच्या लांब केसांच्या मुलीप्रमाणे वेण्या घालतात व त्या दोऱ्याने वा फितीने बांधतात. खेळत्या मुलाच्या केसांतील बंध टिकविण्यासाठी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया जे उपाय करीत, त्यांना अनुभवाचा आधार होता. केस प्रथम रुंद दातांच्या फणीने टोकांकडून मुळांकडे विंचरून गुंता काढणे, केस पूर्ण वाळल्यावरच बांधणे, तेल थोडे व कातडीला चोळून लावणे, वेणीचे टोक सुती दोऱ्याने आवळणे आणि काही दिवसांनी सर्व केस सोडून न्हाऊ घालणे, असा हा क्रम होय. ओला केस अधिक ताणला जातो व लवकर तुटतो. ओल्या केसांची घट्ट वेणी घातल्यास आत दमटपणा राहून कातडीस बुरशीचा संसर्ग होण्याचा संभव वाढतो. त्यामुळे वाळलेले केस बांधण्याचा दंडक शास्त्रीय दृष्ट्याही योग्य ठरतो.

यासाठी लागणारी साधने स्थानिक होती. तीळ, भुईमूग, जवस व करडई ही तेलबियांची पिके या भागात होतात आणि तेल्याच्या घाण्यावर काढलेले तेल गावातच मिळे. धुण्यासाठी शिकेकाई, रिठा व हिंगणबेट वापरीत. या तिन्ही फळांत सॅपोनिन हे पाण्यात फेस आणणारे द्रव्य असते. त्यामुळे धूळ व जादा तेल निघते, परंतु कपडे धुण्याच्या साबणातील क्षारामुळे केसांवरील पापुद्रे जसे उचलले जाऊन खरखरीत होतात, तसे फारसे होत नाही. तेलाचे प्रमाण वाढल्यास मात्र त्यावर धूळ बसून केस चिकटतात आणि बंध टिकण्याऐवजी गुंता वाढतो.

नवसाच्या केसांचे वैशिष्ट्य असे, की ते उतरविण्याचा दिवस, स्थान व ते उतरविणारी व्यक्ती आधीच निश्चित असते. त्यामुळे केस कितीही लांबले, तरी त्यांचा शेवट कुटुंबाच्या दृष्टीसमोर असतो व त्यांची निगाही त्या बेताने घेतली जाते.

सातपुड्यातील व फिरत्या समाजांतील पद्धती : सातपुड्याच्या डोंगराळ भागातील भिल्ल व पावरा पुरुषांत पूर्वी केस लांब राखून मागे गाठ मारण्याची चाल होती. तिला मैदानी भागातील शेंडीप्रमाणे न्हाव्याच्या नियमित सेवेची गरज नसे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव, जामनेर या तालुक्यांत मोठ्या संख्येने असलेल्या बंजारा समाजात वेणीचा विशेष विकास स्त्रियांत झालेला दिसतो. विवाहित बंजारा स्त्रिया गालांवर लोंबणारी घुगरी, टोपली ही धातूची आभूषणे केसांत गुंफीत. आभूषणाचा भार पेलण्यासाठी वेणी घट्ट व दोऱ्याने बांधलेली असावी लागे. पुरुषांत हेच कार्य पागोट्याने होत असल्याने त्यांच्यात अशी गुंफण वाढली नाही.

जट : केस दीर्घकाळ न विंचरल्यास गळालेले केस, तेल, धूळ व घाम यांच्या योगाने ते एकमेकांत घट्ट अडकतात व त्यांची नमद्यासारखी सलग जट बनते. ही क्रिया परतविणे अवघड असते. जटा राखणे हे नाथपंथी योगी, गोसावी व इतर संन्याशांचे लक्षण मानले गेले. तापी व पूर्णा यांच्या संगमावरील चांगदेव (जि. जळगाव) हे स्थान ज्या योग्याच्या नावाने ओळखले जाते, तोही लोकपरंपरेत दीर्घायुषी सिद्ध म्हणून प्रसिद्ध आहे. मरीआईचा उपासक पोतराज लांब केस, कमरेभोवती चिंध्यांचा घेर व हातात आसूड घेऊन गावोगाव फिरे. त्याचे केस देवीचे मानले गेल्यामुळे ते कापण्यास बंदी असे.

संन्याशाची जटा ही त्याने स्वेच्छेने पत्करलेली असते. परंतु अपुरे पाणी, आजारपण वा दुर्लक्ष यांमुळे सामान्य स्त्रीपुरुषांच्या केसांत झालेली जटही दैवी कोपाचे वा कृपेचे चिन्ह समजली गेली. स्त्रियांना तर जट आल्यामुळे देवीला सोडल्याची उदाहरणे महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात घडली. जटेच्या भाराने मान व डोके दुखणे, उवा व कातडीचे संसर्ग होणे हे त्रास त्यांना वर्षानुवर्षे सोसावे लागत. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांच्या नेतृत्वाखाली १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी समजूत घालून जटा कापण्याचे कार्य चिकाटीने केले. जट कापल्याने कोणताही कोप होत नाही, हे प्रत्यक्ष दाखवून देणे हा या कार्याचा गाभा होय.

इतर देशांतील तुलना : पुरुषांच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या वेण्यांची परंपरा आफ्रिकेत विशेष समृद्ध आहे. पूर्व आफ्रिकेतील मसाई जमातीतील तरुण योद्धे लांब केसांच्या बारीक पिळदार वेण्या घालून त्यांना चरबी व गेरू माखतात. योद्धेपणाची मुदत संपल्यावर युनोटो या विधीत त्या वेण्या भादरल्या जातात. खानदेशातील जावळ-शेंडीप्रमाणेच येथेही केसांचा शेवट विधीने ठरविलेला असतो. इथिओपियाचा सम्राट दुसरा टेओड्रॉस हा वेण्या घातलेल्या स्वरूपातच चित्रित केलेला आढळतो. मुंबई सैन्याचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर याच्या आधिपत्याखाली मुंबईहून गेलेल्या फौजेने १८६८ मध्ये मॅग्डाला जिंकले, तेव्हा टेओड्रॉसने आत्महत्या केली. त्याच्या कापून नेलेल्या बटा लंडन येथील राष्ट्रीय सेना संग्रहालयाने २०१९ मध्ये इथिओपियास परत केल्या. चीनमध्ये मांचू राज्यकर्त्यांनी १६४५ मध्ये डोक्याचा पुढील भाग भादरून मागे वेणी राखण्याची सक्ती केली आणि ती न मानणाऱ्यास देहान्त शिक्षा ठेवली. १९११ च्या क्रांतीनंतर हीच वेणी पारतंत्र्याचे चिन्ह म्हणून कापली गेली.

भारतात शीख पुरुषांनी याहून वेगळा मार्ग स्वीकारला. १६९९ मध्ये खालसा पंथाची स्थापना झाल्यानंतर केस न कापणे हा नियम झाला. परंतु त्याबरोबर कंगवा बाळगणेही आवश्यक ठरले. रोज विंचरल्यामुळे आजन्म राखलेल्या केसांचीही जट होत नाही. महाराष्ट्रात नांदेड येथे, जेथे गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये निवर्तले, ही परंपरा आजही दिसते.

ऱ्हास व सद्यःस्थिती : १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी, सरकारी शाळा, कचेऱ्या, पोलिस व लष्करातील नोकऱ्या यांमुळे केस बारीक कापून भांग पाडण्याची पद्धत शहरांतून खेड्यांकडे पसरली. तिला प्रारंभी विरोध झाला. अमळनेर येथे १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींच्या श्यामची आई (लेखन १९३३) या पुस्तकातही मुलाने केस वाढविल्याबद्दल वडिलांनी व्यक्त केलेल्या नाराजीचा प्रसंग येतो. हळूहळू शेंडी आखूड झाली, घेरा नाहीसा झाला आणि पागोट्याची जागा टोपीने घेतली. न्हाव्याचे बलुते जाऊन रोख मोबदल्याची केशकर्तनालये सुरू झाली. त्यामुळे केसांची निगा ही गावाची बाब न राहता व्यक्तीच्या पसंतीची बाब बनली. तसेच पूर्वी सेवा नाकारल्या गेलेल्या वर्गांना ती मिळण्याचा मार्गही कायद्याने मोकळा झाला. भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिच्या आधारे सेवा नाकारणे पुढे १९५५ च्या अधिनियमान्वये दंडनीय ठरले.

एकविसाव्या शतकात खेळाडू, गायक व चित्रपट यांच्या प्रभावाने तरुण पुरुषांत लांब केस, बुचडा आणि डोक्यालगतच्या समांतर वेण्या यांचे पुनरागमन झाले आहे. सरळ केसांत अशा वेण्या टिकविण्यासाठी त्या फार घट्ट ओढल्या जातात, ही त्यांतील मुख्य हानी होय. सतत ताणामुळे कपाळ व कानशिलांलगतचे केस गळून टक्कल पडते. हा विकार प्रथम १९०७ मध्ये ग्रीनलंडमधील घट्ट केस बांधणाऱ्या स्त्रियांत नोंदविला गेला व पुढे शीख पुरुषांतही आढळला. प्रारंभी ताण थांबविल्यास केस परत येतात. दीर्घकाळ चालू राहिल्यास मात्र केसांची मुळे कायमची नष्ट होतात. बांधल्यावर वेदना होणे, मुळाशी पुळ्या येणे वा कातडी ताणलेली दिसणे ही वेणी त्वरित सैल करण्याची चिन्हे समजावीत. रात्री डोक्याला मऊ, गुळगुळीत कापड गुंडाळणे, घाम आल्यावर वेण्यांमधील कातडी ओल्या फडक्याने पुसून वाळविणे, तेल मोजके लावणे आणि सहा आठवड्यांच्या आत सर्व वेण्या सोडून केसांना काही काळ विसावा देणे, हे त्या अधिक काळ नीट राखण्याचे इष्ट उपाय होत. जुन्या नवसात केस उतरविण्याचा दिवस देवतेच्या नावाने ठरलेला असे. नव्या हौसेत वेणी सोडण्याचा दिवस ज्याचा त्यालाच ठरवावा लागतो.